शेऱ्याचा रकाना

ग्रंथालयाच्या दाखलनोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. आधीचे रकाने ठरलेले असतात : दाखल क्रमांक, तारीख, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, पृष्ठे, किंमत. ते कोणीही भरले तरी सारखेच भरले जातात. शेऱ्यात मात्र नोंद करणाऱ्याला त्या प्रतीबद्दल जे सांगणे भाग वाटले ते उतरते. मुखपृष्ठ नाही. पृष्ठे १७ ते २४ गहाळ. समासात पेन्सिलीने टिपा, बहुधा देणगीदाराच्या. पुठ्ठा दुसऱ्या भागाचा, आत पहिला भाग. अभ्यासकाला खरी मदत पुष्कळदा याच रकान्याची होते; आणि नोंदी संगणकावर चढवायची वेळ आली की 'हे नंतर पाहू' म्हणून बाजूला राहतो तोही हाच.

हे पुस्तक त्या रकान्याबद्दल आहे. ग्रंथालयांच्या नोंदी आता जोडलेल्या डेटाच्या, म्हणजे लिंक्ड डेटाच्या, रूपात जाऊ लागल्या आहेत. त्यांतल्या वर्णनपर मजकुराचे, म्हणजे परिचय, सारांश, अनुक्रम, पुष्पिका आणि संपादकाच्या टिपा यांचे काय करायचे? तो कुठे ठेवायचा, कोणत्या रूपात ठेवायचा, आणि त्याचे परिच्छेद, ओळी, कंस, ठळक अक्षरे व दुवे यांसकट कसा टिकवायचा? विषय तांत्रिक आहे, पण तो संगणकवाल्यांवर सोपवून मोकळे होता येत नाही. मजकुराची मांडणी मोडली की त्याचा अर्थ मोडतो, आणि नोंदीतल्या अर्थाची जबाबदारी ग्रंथपालाची असते.

लिंक्ड डेटा म्हणजे काय, हे खानदेशातल्या वाचकाला सातबाऱ्यावरून चटकन कळेल. जमिनीचा मालक बदलतो, पीक बदलते, भावाभावांत वाटण्या होतात. पण गट नंबर धरून विचारले की तलाठी, बँक आणि कोर्ट एकाच तुकड्याबद्दल बोलत असतात. लिंक्ड डेटात हीच सोय लेखक, कृती, आवृत्ती, गाव, विषय अशा प्रत्येकाला मिळते. प्रत्येकाला जालावरचा एक कायमचा पत्ता, म्हणजे यूआरआय. आणि दोन पत्त्यांमधले नाते सांगणारे एक छोटे विधान : अमुक कृती, तिचा कर्ता, अमुक व्यक्ती. आरडीएफ या नावाने ओळखले जाणारे हे प्रारूप वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९९ मध्ये प्रमाण केले आणि २००६ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी लिंक्ड डेटाचे चार नियम मांडले. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असाही एक रकाना असतो. कर्जाचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा असे जे आकड्यांत बसत नाही ते तिथे लिहून ठेवावे लागते, आणि जमीन घेणारा शहाणा माणूस आधी तेच वाचतो.

ग्रंथाच्या नोंदीत असे काय असते? बहिणाबाई चौधरींचे उदाहरण घ्या. त्यांचा पत्ता, असोदा या जन्मगावाचा पत्ता, १८८० हे जन्मवर्ष, १९५२ मध्ये निघालेल्या 'बहिणाबाईंची गाणी' या संग्रहाचा पत्ता, प्रस्तावनाकार आचार्य अत्र्यांचा पत्ता, या सगळ्यांत नाती जोडता येतात. मग 'जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या कवयित्रींचे संग्रह दाखव' असे यंत्राला विचारले की उत्तर मिळते. पण ही गाणी त्यांनी स्वतः लिहिली नाहीत. त्या काम करता करता रचत, गात. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी ती टिपून ठेवली, आणि बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्यानंतर ती छापून आली. हे वाक्य पत्त्यांच्या जोडणीत पुरते मावत नाही. 'कर्ता' आणि 'संकलक' एवढे दोन दुवे देऊन तोंडी रचनेचा तो सगळा प्रवास सांगता येत नाही. अशा मजकुराला लिंक्ड डेटात 'लिटरल' म्हणून ठेवतात, म्हणजे ज्याला स्वतःचा पत्ता नाही अशी अक्षरांची माळ. सगळी अडचण इथून सुरू होते.

अडचण संगणकाने आणलेली नाही. सूचीकारांचा तिच्याशी फार जुना झगडा आहे. अँटोनिओ पानिझी यांनी ब्रिटिश म्युझियमसाठी १८४१ मध्ये ९१ नियम छापले, चार्ल्स कटर यांचे नियम १८७६ मध्ये आले, आणि १९०१ पासून अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची छापील सूचिपत्रे इतर ग्रंथालयांना पुरवू लागली. आपल्याकडे डॉ. रंगनाथन यांची 'क्लासिफाइड कॅटलॉग कोड' १९३४ ची. त्या इवल्या पत्रावर जागा कमी, म्हणून मांडणीलाच बोलते केलेले होते. पहिली ओळ कुठून सुरू होते, दुसरी किती आत सरकते, टीप कोणत्या परिच्छेदात येते, लाल शाईने काय लिहिले आहे, यावरून सवय झालेला वाचक शब्द वाचण्याआधीच नोंद ओळखत असे. १९७१ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय वर्णनसंहितेने, आयएसबीडीने, विरामचिन्हांना ठाम काम दिले. तिरकी रेघ आली की पुढे कर्त्याचे नाव. चौकोनी कंस आला की ही माहिती पुस्तकाच्या ठरलेल्या जागी छापलेली नाही, सूचीकाराने दुसरीकडून आणली आहे.

या चौकोनी कंसापाशी मी थोडा थांबतो, कारण पुस्तकाचा सगळा रोख त्यात आहे. कोणत्याही वर्णनात निदान दोन आवाज असतात : वस्तूचा आणि वर्णन करणाऱ्याचा. शीर्षकपृष्ठ काय म्हणते आणि मी काय म्हणतो. पोथीत काय लिहिले आहे आणि फाटलेल्या जागी काय असावे असे मला वाटते. कंस, अवतरणचिन्हे, वेगळा टाइप, नवी ओळ ही या दोन आवाजांमधली कुंपणे आहेत. साठवताना ती गेली की ग्रंथपालाचा तर्क पोथीच्या तोंडी जातो, आणि पुढच्या अभ्यासकाला ते कळायला मार्ग उरत नाही.

खानदेशात हे पदोपदी जाणवते. धुळ्यात दोन मोठे ठेवे आहेत. वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि लगेच जानेवारी १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. त्यांनी जन्मभर जमवलेल्या कागदपत्रांचा मोठा भाग तिथे आहे. दुसरा ठेवा समर्थ वाग्देवता मंदिराचा. शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगावचे मठ पालथे घालून रामदासी संप्रदायाची बाडे मिळवली आणि ती तिथे जपली गेली. आता समजा, अशा एखाद्या बाडाचे वर्णन लिहायचे आहे. एकाच बाडात कोणाचे अभंग, कोणाची आरती, मधेच औषधाची कृती, शेवटी नकलकाराने दिलेला शक आणि गाव. लिपी कुठे बाळबोध, कुठे मोडी. पाने सुटी, आकडे दोन हातांनी घातलेले. चांगला वर्णनकार प्रत्येक घटक नव्या ओळीवर घेतो, आरंभ आणि शेवट पोथीतल्या लेखनाप्रमाणे जशाच्या तसा उतरवतो, तुटलेली अक्षरे चौकोनी कंसात भरतो, वाचता न आलेल्या जागी टिंबे देतो, आणि स्वतःचे मत वेगळ्या परिच्छेदात लिहितो. हे सगळे एका सलग ओळीत ओतले आणि 'अनावश्यक चिन्हे' पुसून टाकली तर हाती शब्द सगळे राहतात, वर्णन राहत नाही.

हेन्रिएट एव्हरम यांच्या नेतृत्वाखाली १९६० च्या दशकात तयार झालेल्या मार्क या नोंदपद्धतीने जगभरची सूचिपत्रे संगणकावर आणली, हे तिचे फार मोठे काम. पण मजकुराच्या बाबतीत ती कडक आहे. ५०५ या क्षेत्रात अनुक्रमणिका, ५२० मध्ये सारांश, ५०० मध्ये सर्वसाधारण टीप. आणि हे सारे सलग, साध्या अक्षरांत. दोन प्रकरणांमध्ये नवी ओळ नाही, दोन आडव्या रेघा. काव्यसंग्रहाची अनुक्रमणिका अशा क्षेत्रात भरून पाहिली की शीर्षके एकमेकांत कशी घुसतात ते दिसते. आज आपल्याकडे कोहा ही ग्रंथालय-प्रणाली वापरणाऱ्या ग्रंथालयांच्या नोंदी याच पद्धतीच्या आहेत, म्हणजे लिंक्ड डेटात जाताना आपण सुरुवातच मांडणी गमावलेल्या मजकुरापासून करणार आहोत. म्हणून जुनी रजिस्टरे आणि पत्रे फेकू नका, असे या पुस्तकात मी वारंवार सांगितले आहे. मूळ कुंपणे फक्त तिथेच शिल्लक असतात.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. युनिकोडच्या आधी आपल्याकडचा बहुतेक मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत टाइप झाला. त्या फायलींत देवनागरी अक्षरे नव्हतीच. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले होते. फाँट गेला की मजकूर गेला. मजकूर आणि त्याचे दिसणे यांची गाठ तोडली पाहिजे, हा आजच्या संगणकशास्त्रातला नियम आपल्याला पुस्तकातून शिकावा लागला नाही. जुन्या याद्या उघडताना पडद्यावर उमटलेल्या अगम्य चिन्हांनी तो शिकवला.

लिंक्ड डेटात वर्णन कसे ठेवावे, याबद्दल आज जगात चार मते आहेत. पहिले मत साध्या मजकुराचे. परिच्छेद नको, ठळक नको, दुवे नकोत. अक्षरे आणि त्यांना भाषेची एक चिठ्ठी, बस. विकिडेटाचा बाणा हाच. तिथले वर्णन अडीचशे अक्षरांच्या आत आणि निखळ साधे. शोध सोपा, भाषांतर सोपे, कोणत्याही यंत्रावर चालते. लेखकाची ओळख एका ओळीत द्यायची असेल तर याहून चांगला मार्ग नाही. बाडाच्या वर्णनाला मात्र तो पुरत नाही.

दुसरे मत मांडणीच्या खुणा मजकुरातच ठेवा असे म्हणते. वेबपानांची एचटीएमएल भाषा सर्वांना ठाऊक आहे, मग तिचेच टॅग लिटरलमध्ये का नकोत? आरडीएफमध्ये एक्सएमएल या खुणाभाषेतल्या मजकुरासाठी आधीपासून वेगळा प्रकार होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेल्या आरडीएफ १.१ मध्ये एचटीएमएलसाठीही तसा प्रकार आला. ऐकायला हे छान वाटते. पण त्यात एक फट आहे, आणि मराठीसारख्या भाषेला ती फार महाग पडते. आरडीएफच्या नियमांनुसार लिटरलला एकतर भाषेची चिठ्ठी लावता येते किंवा 'हा एचटीएमएल आहे' असा प्रकार सांगता येतो. दोन्ही एकदम नाही. मांडणी घेतली की भाषा गेली. भाषा टॅगच्या आत लिहिता येते हे खरे, पण 'मराठीतली वर्णने दे' असे विचारणारी सामान्य चौकशी आत डोकावत नाही. परिणाम असा की आपण कष्टाने सजवलेले मराठी वर्णन मराठीच्या शोधातच सापडत नाही. इंग्रजी नोंदींच्या ढिगात हे कोणाच्या लक्षातही आले नसते, कारण तिथे भाषा गृहीतच धरलेली असते.

दुसरी काळजी सुरक्षिततेची. परक्या ठिकाणाहून आलेल्या एचटीएमएलमध्ये चालणारा कोड दडवता येतो, म्हणून वापरायच्या टॅगांची यादी आधी ठरवून बाकीचे गाळावेच लागतात. हस्तलिखितांच्या प्रतिमा जालावर दाखवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ट्रिपल-आय-एफ या मानकाने हे शहाणपणाने केले आहे : परिच्छेद, ओळतोड, दुवा, ठळक, तिरपे, वर-खालची छोटी अक्षरे अशा मोजक्याच खुणांची यादी, तिच्याबाहेरचे काही नाही. छोट्या ग्रंथालयाने आपली यादी ठरवताना तिथूनच सुरुवात करावी.

तिसरे मत मला पटते आणि पुस्तकाचा कल उघडपणे त्याच्याकडे आहे. ते असे की वर्णनाला नुसती अक्षरांची माळ मानू नका. त्यालाच पत्ता द्या. वर्णन हीसुद्धा एक वस्तू आहे. ती कोणी लिहिली, कधी लिहिली, कोणत्या भाषेत, कोणत्या लिपीत, कोणत्या रूपात, कोणत्या प्रतीवरून, हे सगळे मग त्या पत्त्याला जोडता येते. मांडणीसह मजकूर एका बाजूला आणि त्याचीच साधी नक्कल दुसऱ्या बाजूला, अशा दोन्ही ठेवता येतात, आणि भाषा-की-मांडणी हा पेच उरतच नाही. २०१७ मध्ये प्रमाण झालेले वेब ॲनोटेशनचे प्रारूप हेच करते. लायब्ररी ऑफ काँग्रेसने मार्कच्या जागी घडवलेल्या बिबफ्रेमची दुसरी आवृत्ती २०१६ ची. तिच्यातही सारांश आणि अनुक्रम यांना स्वतंत्र वस्तू म्हणूनच जागा आहे, ती जागा पुरती वापरली जात नाही एवढेच. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१८ मध्ये आपली संयुक्त सूची मार्कमधून काढून बिबफ्रेमवर आधारलेल्या लिंक्ड डेटावर नेली, तेव्हा हे केवळ कागदावरचे प्रयोग राहिलेले नाहीत. या मार्गाला किंमत आहेच. नोंदी फुगतात, एका वर्णनासाठी पाच-सहा विधाने लागतात. तरीही ती मोजावी.

चौथे मत अभिलेखागारांतून आलेले. टीईआय हा १९८७ पासूनचा आणि ईएडी हा १९९८ चा, असे दोन एक्सएमएल संकेत तिथे वापरात आहेत. त्यांचे म्हणणे, वर्णन हा स्वतःच एक दस्तऐवज आहे, तो फाइल म्हणून पूर्ण राहू द्या आणि जोडणीच्या जाळ्यातून तिच्याकडे फक्त बोट दाखवा. मोठ्या पोथीसंग्रहाला हे योग्य आहे. तालुक्याच्या वाचनालयाला त्याची गरज पडणार नाही.

आता मी जिथून लिहितो त्या सावद्याचेच एक उदाहरण. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश खंड १८८० मध्ये निघाला. त्यात सावदा हे गाव म्हणूनही येते आणि तालुका म्हणूनही. आज सावदा रावेर तालुक्यात आहे. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि पूर्व खानदेशाचा पुढे जळगाव जिल्हा झाला. नावे तीच राहून हद्दी बदलल्या, तेव्हा 'सावदा' या अक्षरांना नव्हे तर पत्त्याला महत्त्व का, हे यावरून कळते. जुन्या तालुक्याचा पत्ता वेगळा, नगराचा वेगळा. इथवर जोडलेला डेटा आपले काम चोख करतो.

पण १८५२ ची घटना घ्या. महसुली मोजणीच्या विरोधात त्या वर्षी सावद्याला दहा ते पंधरा हजार शेतकरी जमले आणि इंग्रजांची फौज येऊन पुढाऱ्यांना पकडेपर्यंत पांगले नाहीत, असे सरकारी ग्रंथ सांगतात. त्यांच्या भाषेत तो मोठा दंगा आहे आणि जमलेले लोक नाराज उपद्रवी. इथला माणूस त्याच घटनेला शेतकऱ्यांचा प्रतिकार म्हणेल. घटनेचा पत्ता एकच : वर्ष १८५२, ठिकाण सावदा. वर्णने मात्र दोन, आणि दोन्ही ठेवली पाहिजेत. सरकारी वर्णनाचा स्वतःचा पत्ता, त्याला स्रोत म्हणून तो खंड, भाषा इंग्रजी, वर्ष १८८०. त्याचा मराठी अनुवाद तिसऱ्या पत्त्यावर, अनुवादकाच्या नावासह. उद्धृत भाग उद्धरणाच्या खुणेत. ग्रंथालयाने आज लिहिलेले वर्णन त्याच्या शेजारी, लिहिणाऱ्याच्या नावाने आणि तारखेने. आता हेच सगळे एका साध्या टिपेत कालवून पाहा. 'सावद्यात १८५२ मध्ये दंगा झाला' असे वाक्य तयार होईल, सरकारचा शब्द ग्रंथालयाचा शब्द होईल, आणि ती टीप नक्कल होत होत शंभर ठिकाणी जाईल. अवतरणचिन्हांची एक जोडी गळल्याने इतिहासात बाजू बदलते, हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही.

भाषेच्या चिठ्ठीबद्दल पुस्तकात एक सबंध प्रकरण आहे, कारण आपल्या भागात 'मराठी' एवढे म्हणून भागत नाही. अहिराणीला आंतरराष्ट्रीय यादीत स्वतःचा तीन अक्षरी संकेत आहे. अहिराणी गाण्यांच्या पुस्तकावर तो लावायला हवा, तरी सर्रास मराठीचाच लावला जातो. रावेर-यावल पट्ट्यातल्या लेवा बोलीसाठी मराठीच्या संकेताला खासगी शेपूट जोडावे लागते. बहिणाबाईंच्या संग्रहाच्या नोंदीत प्रस्तावना प्रमाण मराठीत आणि गाणी लेवा बोलीत, हा भेद वर्णनात टॅगने दाखवता येतो, आणि उद्या बोलीचा अभ्यास करणाऱ्याला तो हवा असणार आहे. मोडीची लिपी म्हणून स्वतंत्र खूण आहे, आणि २०१४ पासून युनिकोडमध्ये मोडीची अक्षरेही आहेत, म्हणजे पुष्पिका मूळ लिपीत आणि बाळबोधीत शेजारी शेजारी देता येते. आपल्या गावांत उर्दू पुस्तके आणि उर्दू वाचकही आहेत. मराठी वर्णनात उर्दू शीर्षक आले की ओळीची दिशा उलटते आणि आकडे, कंस भलतीकडे जाऊन पडतात. लिंक्ड डेटा लिहिण्याच्या जेसन-एलडी या पद्धतीच्या २०२० मधल्या १.१ आवृत्तीत दिशा सांगण्याची सोय झाली, ती कशी वापरायची ते पुढे दाखवले आहे.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. मराठीतला अर्धचंद्रासारखा 'र' संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो, आणि त्यांतल्या एका प्रकारात डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. आयात करताना 'अदृश्य चिन्हे काढून टाका' ही खूण केली की ते जाते, आणि सातपुड्याच्या 'दऱ्या' नोंदीत 'दर्या' होऊन बसतात. अशी सफाई यंत्रावर सोडू नये.

तिरप्या अक्षरांबद्दलही बोलले पाहिजे. इंग्रजी सूचीत पुस्तकाचे नाव तिरप्या टाइपात जाते. देवनागरीत तिरपा टाइप उपरा आहे, आपण ग्रंथनाम एकेरी अवतरणात किंवा ठळक देतो. म्हणून परदेशी नमुना उचलून 'तिरपे' असा टॅग लावणे चुकीचे. 'हे ग्रंथनाम आहे' असे सांगणारा टॅग लावावा, आणि ते कसे दिसेल हे वाचकाच्या पडद्यावर ठरू द्यावे. खुणा अर्थाच्या असाव्यात, रूपाच्या कमीत कमी.

हे सगळे आताच कशासाठी? मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि डिजिटायझेशनची भाषा सगळीकडे ऐकू येते. पण स्कॅन केलेले पान हे चित्र असते. त्यात काय आहे हे जगाला सांगते ते त्याचे वर्णन. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो सार्वजनिक वाचनालये आहेत. जळगावचे व. वा. वाचनालय १८७७ चे. अशा जुन्या संस्थांच्या कपाटांत जे आहे त्यातल्या पुष्कळ पुस्तकांबद्दल मराठीत दोन वाक्येसुद्धा जालावर नाहीत. असल्यास रोमन अक्षरांतले शीर्षक, तेही तीन स्पेलिंगांनी. आता प्रश्नांची उत्तरे देणारी यंत्रे हाच मजकूर वाचून बोलू लागली आहेत. ज्या पुस्तकाचे वर्णन नाही ते त्यांच्यासाठी नाहीच, आणि ज्या वर्णनाचा कर्ता माहीत नाही ते त्यांच्यासाठी सत्यच. नाव, तारीख आणि स्रोत असलेले मराठी वर्णन आपण तयार केले नाही तर आपल्या पुस्तकांबद्दल दुसरेच कोणीतरी, दुसऱ्याच भाषेतून बोलेल.

मराठीत या कामाला मोठा वारसा आहे. शंकर गणेश दाते यांनी गावोगावची ग्रंथालये धुंडाळून १८०० ते १९३७ या काळातल्या छापील पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' केली आणि पुढे १९५० पर्यंतचा दुसरा भागही पुरा केला. एका माणसाने हे केले. मी ती सूची लिंक्ड डेटा शिकण्याआधीपासून वापरतो, आणि दर वेळी जाणवते की नोंद कशाला म्हणायचे हे दात्यांना पक्के ठाऊक होते. आज आपल्याकडे साधने आहेत. त्यांच्या धीराचा थोडा अंश पुरे.

या पुस्तकाचा आवाका मी मुद्दाम लहान ठेवला आहे. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हे यात नाही, कारण सॉफ्टवेअर चार वर्षांत बदलते. मोठे सर्व्हर चालवण्याची पद्धतही नाही. एक ग्रंथपाल, एक मदतनीस, एक संगणक आणि अधूनमधून जाणारी वीज, एवढे धरून सगळी उदाहरणे घेतली आहेत. वर्णन लिहावे कसे इथपासून सुरुवात आहे, कारण वाईट लिहिलेले वर्णन कोणत्याही रूपात साठवले तरी वाईटच राहते. मग खुणांची एक छोटी यादी : परिच्छेद, ओळतोड, यादी, उद्धरण, ग्रंथनाम, दुवा, भाषा. एवढ्यात बाडापासून केळीलागवडीच्या पुस्तिकेपर्यंत सगळे बसते, हे उदाहरणांनी दाखवले आहे. त्यानंतर वर्णनाला पत्ता देणे, जुन्या मार्क नोंदींतला मजकूर सोडवून घेणे, आणि जुन्या फाँटांतल्या फायली वाचवणे. गणित किंवा प्रोग्रॅमिंग येत नसेल तरी चालेल. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रकरणे क्रमाने वाचावीत. काम करणाऱ्या ग्रंथपालांनी आधी शेवटची दोन उघडली तरी हरकत नाही.

काही मतांना विरोध होईल हे मला माहीत आहे. सूची आटोपशीर असावी, तिने बोलू नये, असे मानणारे ज्येष्ठ सहकारी आहेत आणि त्यांचा मी आदर करतो. शेऱ्याला लांबण लागली की शिस्त सुटते, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच प्रत्येक वर्णनाखाली लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख सक्तीची केली आहे. नाव द्यावे लागले की माणूस जपून लिहितो.

लेवा बोलीसाठी सुचवलेली खूण अजून सर्वमान्य नाही. बोलीच्या अभ्यासकांनी आणि रावेर, यावल, भुसावळ भागातल्या ग्रंथपालांनी ती वापरून पाहावी, आणि वेगळे सुचत असेल तर कळवावे. १८५२ च्या सावद्याची पूर्ण नोंद, तिची दोन्ही वर्णने आणि अनुवाद यांसह, परिशिष्टात ओळीओळीने दिली आहे. ती जशीच्या तशी टाइप करून आपल्या गावाच्या एखाद्या घटनेसाठी बदलून पाहिली, तर आधीची प्रकरणे वाचण्यापूर्वीच निम्मे पुस्तक समजेल.

सावदा, ता. रावेर, जि. जळगाव